व्यापार खुला झाला, तरी मजुरीतली दरी का मिटली नाही?

अर्थशास्त्र शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पाठ्यपुस्तकात शिकवतात, की ज्या देशात मजूर भरपूर आणि भांडवल कमी आहे त्यानं व्यापार खुला केला, तर अकुशल कामगाराची मजुरी वाढते आणि शिकलेले व न शिकलेले यांच्या कमाईतलं अंतर घटतं. भारतानं १९९१ साली व्यापार खुला केला. मग नंतरच्या काळात पदवीधराचा पगार आणि हेल्परचा रोज यांच्यातलं अंतर वाढलेलं का दिसतं? सिद्धांत चुकला, की आपण तो चुकीच्या जागी लावतोय? आणि मग आयातशुल्क पुन्हा वाढवावं का?

मजुरीच्या आकडेवारीवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीचे अहवाल, उद्योगांची वार्षिक पाहणी, आणि मधून मधून पुणे-पिंपरीच्या कारखान्यांतले वेतनकरार असं ते काम. त्यावरून माझं उत्तर असं: सिद्धांताचं गणित बरोबर आहे, पण त्याच्या पोटात एक मोठं गृहीतक आहे. आयातीमुळे ज्या धंद्याला मार बसतो तिथला माणूस उठून वाढत्या धंद्यात जातो, असं तो धरून चालतो. आपल्याकडे माणूस जिल्ह्यात अडकला, भाषेत अडकला, जातीच्या ओळखीत अडकला आणि शेवटी ठेकेदाराच्या हजेरीपटावर अडकला. दरी कुठे वाढली हे बघायचं तर या अडकण्याच्या जागा बघायला हव्यात.

आधी सिद्धांताबद्दल. स्टॉल्पर आणि सॅम्युएलसन या दोन अर्थतज्ज्ञांनी तो १९४१ मध्ये मांडला. देश खुला झाला की तिथे मुबलक असलेल्या घटकाचा माल परदेशात जाऊ लागतो आणि त्या घटकाचा मोबदला वाढतो. भारतात मुबलक काय? कमी शिकलेले हात. म्हणजे भाव त्यांना यायला हवा. यात दोनच देश आहेत, दोनच वस्तू आहेत, तंत्रज्ञान दोन्हीकडे सारखं आहे आणि कामगार देशभर मोकळा फिरतो. परीक्षेत एवढं लिहिलं की गुण मिळतात. प्रत्यक्षात मात्र भारताच्याही आधी लॅटिन अमेरिकेत वेगळंच दिसलं होतं. मेक्सिकोनं १९८५ पासून आयातशुल्क उतरवलं, १९८६ मध्ये तो गॅट या जागतिक व्यापार करारात सामील झाला, आणि कुशल-अकुशल मजुरीतलं अंतर वाढलं. हॅन्सन आणि हॅरिसन यांनी कारण शोधलं तेव्हा दिसलं, की तिथे सगळ्यात जास्त संरक्षण कमी कौशल्याच्या उद्योगांनाच होतं. शुल्क उतरलं तेव्हा पहिला धक्का त्याच कामगारांना बसला. कोलंबियातही कापड आणि तयार कपडे हेच सर्वांत संरक्षित होते. म्हणून एखाद्या देशाबद्दल हा प्रश्न आला, की मी आधी विचारते: खुलं होण्यापूर्वी शुल्काची भिंत कोणाभोवती सर्वांत उंच होती?

आता भारत. जुलै १९९१ मध्ये रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं आणि २४ जुलैला मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला. कमाल आयातशुल्क १५० टक्क्यांवर आणलं गेलं. त्यापूर्वी काही वस्तूंवर ते ३०० टक्क्यांच्याही वर होतं. १९९५ पर्यंत तेच ५० टक्क्यांवर आलं. इतक्या कमी वेळात इतका उतार फार थोड्या देशांनी पाहिला असेल. पण भारताच्या बाबतीत शुल्क किती उतरलं यापेक्षा कोणत्या क्रमानं उतरलं हे जास्त महत्त्वाचं आहे, आणि वर्गात ते बहुधा सुटून जातं. यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांची आयात आधी मोकळी झाली. ग्राहकोपयोगी वस्तूंवरची परवान्याची बंधनं जवळपास दहा वर्षं टिकली. अमेरिकेनं जागतिक व्यापार संघटनेत नेलेल्या तंट्यात भारत हरला आणि शेवटच्या ७१५ वस्तूंवरची बंधनं १ एप्रिल २००१ ला उठली.

म्हणजे नव्वदीच्या दशकात आपल्याकडे परदेशी खेळणी किंवा सदरे फारसे आलेच नाहीत. यंत्रं आली. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या कोणत्याही फोरमनला विचारा. पूर्वी चार-पाच साध्या लेथवर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रांवर, चार-पाच टर्नर (ती चालवणारे कारागीर) असत. हाताचा अंदाज, कानानं ओळखलेला टूलचा आवाज, यात त्यांची वर्षं गेलेली. सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं यंत्र, आलं की तेवढं काम एका यंत्रावर होऊ लागतं. प्रोग्रॅम आणि सेटिंग समजणारा एकजण लागतो, आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, लावायला-काढायला एक पोरगा. सेटरचा पगार वर जातो, जॉब लावणाऱ्याचा रोज किमान वेतनाच्या आसपास राहतो, आणि मधला टर्नर, ज्याचं घर त्या हुन्नरावर चाललं होतं, त्याला जागाच उरत नाही. बर्मन, सोमनाथन आणि टॅन यांनी भारतीय कारखान्यांचे नव्वदीतले आकडे तपासले तेव्हा हेच दिसलं, की कौशल्याला झुकतं माप देणारं तंत्रज्ञान याच दशकात इथे पोचलं. व्यापारानं दरी वाढवली की तंत्रज्ञानानं, असा वाद नेहमी घातला जातो. भारतापुरता तो मला फोल वाटतो, कारण ते तंत्रज्ञान बंदरातूनच आत आलं.

पण एक सावधगिरी. १९९१ नंतर जे जे घडलं ते व्यापारामुळे, असं समजू नका. शहरी भारतातली मजुरीतली विषमता १९८३ पासूनच्या आकड्यांत पाहिली, तर शिक्षणाचा मोबदला वाढण्याची सुरुवात उदारीकरणाच्या आधीच झालेली दिसते. आणि आपल्या लोकांच्या मनात तर सगळ्यात मोठं उदाहरण गिरणगावाचं असतं. गिरणी कामगाराचं कुटुंब उद्ध्वस्त झालं ते खुल्या व्यापारानं, असं मी अनेकदा ऐकलं आहे. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखालचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्या वेळी परदेशी कापड या देशात येतच नव्हतं. गिरण्यांच्या पोटावर आला तो भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा यंत्रमाग. तिथे मजुरी कमी होती, युनियन नव्हती, आणि गिरणीमालक स्वतःच तिकडून कापड विणून घेत होते. पुढे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या कलम ५८ नं गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या करण्याची वाट काढली, आणि यंत्रं चालवण्यापेक्षा जमीन विकणं फायद्याचं झालं. गिरणी कामगारावर झालेला अन्याय खरा आहे आणि मला तो आजही छळतो. पण त्याचं खापर आयातीवर फोडलं, तर ज्यांनी तो केला ते सुटतात.

दरीच्या आकड्यांबद्दलही गैरसमज आहे. ती सरळ वाढत गेली असं नाही. नव्वदीत, विशेषतः पदवीधरांच्या बाजूनं, ती ठळक वाढली. २००४-०५ नंतर मात्र रोजंदारीवरच्या मजुराची मजुरी नियमित पगारदारापेक्षा वेगानं वाढली आणि अंतर काहीसं कमी झालं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८ च्या अहवालानुसार १९९३-९४ ते २०११-१२ या काळात खरी (महागाई वजा जाता) सरासरी मजुरी जवळपास दुप्पट झाली, आणि शेवटी ती दिवसाला २४७ रुपये होती. २००४ नंतरच्या वाढीमागे बांधकामाची तेजी होती, शेतमालाचे भाव होते, शाळा-कॉलेजात राहणारी मुलं होती, आणि २००६ पासून लागू झालेली रोजगार हमीही होती. महाराष्ट्राला ही हमी सत्तरच्या दशकापासून ठाऊक आहे. यातलं बरंचसं व्यापार धोरणाच्या बाहेरचं आहे.

मग व्यापाराचा स्वतःचा परिणाम वेगळा कसा काढायचा? इथे दोन अभ्यास समोरासमोर ठेवून वाचावेत असं मला वाटतं, कारण वरवर ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. उत्सव कुमार आणि प्राची मिश्रा यांनी उद्योगांची तुलना केली. भारतातही कमी कौशल्याच्या उद्योगांवरचं शुल्क सर्वांत जास्त उतरलं होतं. पण मेक्सिकोच्या उलट, इथे जास्त शुल्क उतरलेल्या उद्योगांत मजुरी इतरांच्या तुलनेत वाढली. स्पर्धेमुळे उत्पादकता सुधारली आणि त्यातला काही वाटा कामगारापर्यंत पोचला, असा त्यांचा अर्थ. म्हणजे या वाटेनं व्यापारानं दरी कमी केली. दुसरीकडे पेटिया टोपालोव्हा यांनी जिल्ह्यांची तुलना केली. १९८७-८८ आणि १९९९-२००० च्या नमुना पाहण्या घेऊन त्यांनी पाहिलं, की ज्या ग्रामीण जिल्ह्यांतल्या लोकांचे धंदे शुल्ककपातीच्या जास्त माऱ्यात होते, तिथे गरिबी इतर जिल्ह्यांपेक्षा कमी वेगानं घटली.

दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, आणि माझ्या मते आहेत. पहिल्या अभ्यासात कारखान्यात टिकलेला माणूस दिसतो. त्याची मजुरी सुधारली. दुसऱ्यात तो माणूस दिसतो ज्याला कारखान्यानं घेतलंच नाही, आणि जो त्याच जिल्ह्यात शेतमजुरीला परतला. तिथे हात वाढले, काम तेवढंच राहिलं, मजुरी दबली. टोपालोव्हांच्या कामातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हा, की मार बसलेल्या जिल्ह्यांतून लोक बाहेर पडलेच नाहीत. उसाच्या तोडीला किंवा वीटभट्टीवर हंगामापुरतं जाणं वेगळं. कुटुंब उचलून नव्या धंद्याच्या गावी जाणं फार कमी घडलं. रेशनकार्ड इथे, जमिनीचा तुकडा इथे, अडीनडीला उभे राहणारे भाऊबंद इथे, आणि शहरात खोलीचं भाडं रोजाच्या कितीतरी पट. अशा माणसाला तू वाढत्या उद्योगात का गेला नाहीस, असं विचारणं क्रूरपणाचं आहे.

आणि हा मार पुढच्या पिढीपर्यंत जातो. त्याच जिल्ह्यांत शाळेत जाणाऱ्या मुलांचं प्रमाण इतर ठिकाणांइतकं वाढलं नाही, असं एडमंड्स, पावच्निक आणि टोपालोव्हा यांनी दाखवलं. शाळेचा खर्च वाचवण्यासाठी घरानं मुलाला, आणि बहुतेक वेळा मुलीला, घरी ठेवलं. एक खबरदारी मात्र घ्या. हे सगळे अभ्यास एका जिल्ह्याची दुसऱ्याशी तुलना करतात. त्यावरून व्यापारामुळे देशाची गरिबी वाढली असं लिहू नका. देशभरात गरिबी घटलीच. प्रश्न कोण मागे राहिलं हा आहे.

भाषेची अडचण समजून घ्यायला दादरला यावं लागतं. कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग यांनी दादरच्या शाळांमधल्या वीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांची माहिती जमवली, आई-वडिलांची जात, धंदा, मुलांचं माध्यम, सगळं. नव्वदीत इंग्रजी येणाऱ्याच्या कमाईला जो उठाव आला तो मुलगा-मुलगी दोघांसाठी होता. तरी कष्टकरी जातींतल्या घरांनी मुलांना मराठी माध्यमातच ठेवलं, कारण त्यांना कामाला लावणारी जातभाईंची साखळी तयार होती: काका, मामा, वस्तीतला मुकादम यांच्या शब्दावर कारखान्यात, गोदीत, वर्कशॉपमध्ये चिकटता येत होतं. मुलींना त्या साखळीत जागा कधीच नव्हती. त्यामुळे त्यांच्यासाठी अडवणारंही काही नव्हतं, आणि त्या इंग्रजी माध्यमात गेल्या. ज्या साखळीनं दोन-तीन पिढ्या सांभाळल्या, तिनंच ऐन मोक्याच्या वेळी मुलग्यांना जुन्या कामात धरून ठेवलं. यात कोणाचाही मूर्खपणा नाही. काकाचा शब्द खात्रीचा होता, इंग्रजी शाळा जुगार होती.

याच्या जोडीला गौरी कार्तिनी शास्त्री यांचं काम ठेवा. ज्या जिल्ह्यांत मातृभाषा हिंदीपासून दूरची, तिथे लोक आधीपासून इंग्रजी जास्त शिकत. तिथे आयटी जास्त वाढलं आणि तरीही शिक्षितांच्या पगारातला उठाव कमी राहिला, कारण मागणीबरोबर शिकलेल्यांचा पुरवठाही वाढला. म्हणजे शिकायची वाट रुंद असेल, तर खुल्या व्यापारात दरी आपोआप फाकत नाही. माझ्या दृष्टीनं या विषयातला हा सर्वांत आशादायक निष्कर्ष आहे.

आता शेवटची अडकण्याची जागा, आणि मला जिच्याबद्दल सर्वांत जास्त चीड येते ती. आपण दरी मोजतो ती शिक्षणानुसार. चाकण, रांजणगाव, तळेगावच्या पट्ट्यात दरी एकाच लाइनवर उभी असते. कायम कामगार तीन वर्षांच्या वेतनकरारात. शेजारी तोच आयटीआय झालेला पोरगा, तेच काम, तीच पाळी, पण ठेकेदाराच्या नावावर, किंवा ट्रेनी म्हणून, आणि हातात येणारा पगार कायम कामगाराच्या निम्म्याहून कमी. सात-आठ महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा भरती, म्हणजे सेवा सलग दिसायला नको. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत २००० च्या सुमारास कामगारांत कंत्राटी कामगार साधारण एक पंचमांश होते. २०२२-२३ मध्ये ते ४० टक्क्यांच्या वर गेले. कौशल्याच्या कोणत्याही सिद्धांतात हा फरक बसत नाही, कारण कौशल्य तेच आहे.

याचा व्यापाराशी संबंध आहे, पण थोडा आडून. निर्यात करणारा किंवा आयातीशी झुंजणारा कारखानदार म्हणतो, की ऑर्डर वर-खाली होते, मला माणसं कमी-जास्त करता आली पाहिजेत. हे मी समजू शकते. पण मग खुलेपणाचा फायदा कुठे गेला तेही पाहायला हवं. डी लोकर, गोल्डबर्ग, खंडेलवाल आणि पावच्निक यांनी दाखवलं, की कच्च्या मालावरचं शुल्क उतरल्यानं भारतीय कंपन्यांचा खर्च बराच घटला, पण किमती तितक्या घटल्या नाहीत. फरक कंपन्यांच्या नफ्याच्या गाळ्यात राहिला. संघटित कारखान्यांच्या मूल्यवर्धनात, म्हणजे मालाच्या किमतीतून कच्चा माल वगैरेंचा खर्च वजा जाता जे उरतं त्यात, कामगारांच्या मजुरीचा वाटा ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे ३० टक्के होता. २००७-०८ च्या सुमारास तो १० टक्क्यांच्या आसपास आला. जोखीम कामगारानं घ्यायची आणि गाळा मालकानं ठेवायचा, अशी ही वाटणी आहे. ती कोणत्याही व्यापार कराराच्या मसुद्यात नव्हती. ती देशात ठरली.

दुसरी वाट होती का? होती. २००१ च्या डिसेंबरात अमेरिका-व्हिएतनाम व्यापार करार लागू झाला आणि व्हिएतनामी मालावरचं अमेरिकी शुल्क सरासरी २३ टक्क्यांवरून अडीच टक्क्यांच्या आसपास आलं. घरगुती धंद्यातली माणसं नोंदणीकृत कारखान्यांत गेली, आणि ज्या प्रांतांना त्याचा लाभ जास्त तिथे गरिबी जास्त वेगानं घटली. बांगलादेशात तयार कपड्यांच्या कारखान्यांनी सुमारे ४० लाख लोकांना काम दिलं, त्यांत बहुसंख्य बाया. तिथली मजुरी आणि सुरक्षितता यांबद्दल बोलण्यासारखं खूप आहे, पण सिद्धांतानं सांगितलेली कमी शिकलेल्या हातांची मागणी तिथे खरोखर निर्माण झाली. आपल्याकडे नेमक्या अशाच वस्तू, ८०० हून जास्त, लघुउद्योगांसाठी राखीव होत्या. तयार कपडेही बराच काळ त्यात होते. आयातशुल्क १९९१ मध्ये उतरू लागलं, आणि राखीव यादीतल्या शेवटच्या २० वस्तू निघाल्या एप्रिल २०१५ मध्ये. म्हणजे आयातीच्या बाजूचं दार उघडलं, आणि ज्या कारखान्यांनी हेल्परांना हजारोंनी घ्यायचं ते मोठे होऊच शकत नव्हते. वाढले ते सॉफ्टवेअर, औषधं, वाहनं: शिकलेल्यांचे धंदे.

तुम्ही शेवटी विचारलंय, की मग शुल्क पुन्हा वाढवावं का. २०१८ च्या अर्थसंकल्पापासून काही वर्षं आपण तेच केलं. सरासरी शुल्क १३ टक्क्यांच्या आसपास होतं, ते २०२२ पर्यंत १८ टक्क्यांच्या जवळ गेलं. त्यानं लाइनवरच्या ट्रेनीचा पगार वाढल्याचं मला कुठे दिसलेलं नाही. ज्या सुट्या भागांवर शुल्क वाढतं ते वापरून माल जोडणाऱ्या कारखान्याची अडचण मात्र वाढते. उलट, वेळ गेला की जखम आपोआप भरते असं मानणाऱ्यांनी ब्राझील पाहावा. तिथे १९९० नंतर शुल्क उतरलं, आणि डिक्स-कार्नेरो व कोवाक यांना दिसलं, की मार बसलेल्या भागांतल्या कमाईवरचा परिणाम वीस वर्षांनी दहा वर्षांनंतरच्या तिप्पट होता.

म्हणून माझी मागणी शुल्काच्या टेबलावर नाही. समान कामाला समान वेतन कंत्राटी कामगारालाही मिळावं. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत (तो कायदा नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या श्रम संहितेत विलीन झाला) ते तत्त्व होतंच, तपासणी नव्हती. कामाच्या गावी रेशन, दवाखाना आणि परवडणारी खोली मिळावी. मार बसलेल्या जिल्ह्यांतल्या शाळा आणि आयटीआय यांना त्याच वर्षी पैसा मिळावा, दहा वर्षांनी नव्हे. आणि नव्या करारांकडेही याच नजरेनं पाहावं. स्वित्झर्लंड, नॉर्वे वगैरे चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेला करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्यात पंधरा वर्षांत १०० अब्ज डॉलरची गुंतवणूक आणि दहा लाख थेट रोजगार अपेक्षित आहेत. त्यावर प्रबंध लिहिणार असाल तर त्या दहा लाखांतले किती कंपनीच्या हजेरीपटावर आणि किती ठेकेदाराच्या, कोणत्या जिल्ह्यात, आणि किती बायांना, हे मोजायची सोय आजच करून ठेवा. उद्योगांच्या वार्षिक पाहणीत कंत्राटी कामगारांचा रकाना वेगळा असतो, पण त्यांच्या मजुरीचा हिशेब बहुधा ठेकेदाराला दिलेल्या रकमेत बुडून जातो. तिथे प्रत्यक्ष जाऊन पगाराच्या पावत्या बघाव्या लागतील.